मुलगा मागे, बाप पुढे

रमजानचा पहिला आठवडा होता. वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या आमच्या गावातल्या मशिदीत इशाची जमात उभी होती. पेशइमामांची फातिहा संपली आणि सगळ्यांनी मोठ्याने ‘आमीन’ म्हटले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्याकडे आमीन मनातल्या मनात म्हणत नाहीत, मशीद भरून जाईल असे म्हणतात. मोठ्यांचे आमीन थांबले, मागच्या सफेतले, म्हणजे मुलांच्या ओळीतले, मात्र थांबेना. कोण जास्त लांबवतो याची तिथे चुरस लागली होती. शेवटचा ‘न’ हवेत विरला आणि कुणीतरी खुदकन हसले. एक हसला की शेजारचा हसतो. रुकूत गेलो तरी मागे खुसखुस चालूच होती, सजद्यात गेलो तेव्हा ती आणखी वाढली.

सलाम फिरला. दुसऱ्या सफेतले एक वयस्क गृहस्थ उठले, तरातरा मागे गेले आणि हाताला लागेल त्या पोराच्या कानाखाली त्यांनी ठेवून दिली. हसणारी दोघेतिघे तोवर वजूच्या हौजापर्यंत पळाली होती. सापडला तो आठ वर्षांचा, जागेवरून न हललेला मुलगा. तो रडला नाही. टोपी काढून त्याने खिशात कोंबली, पायऱ्यांवरच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि काळोखात निघून गेला. पुढे वीस रकात तरावीह व्हायची होती.

त्याचा बाप पहिल्या सफेत, पेशइमामांच्या उजव्या हाताला होता. आवाज झाला तेव्हा त्याने मान वळवून पाहिले आणि पुन्हा बोटांच्या पेरांवर तस्बीह मोजू लागला.

या लेखाची सुरुवात त्या मान वळवण्यापासून झाली. थप्पड मारणाऱ्यावर रागावणे सोपे आहे आणि मीही रागावलो. पण घरी परतताना मनात राहिला तो बाप. मूल आपले, त्याला मशिदीत आणले आपण, आणि आत पाऊल टाकताच ते सगळ्यांचे, म्हणजेच कुणाचेच नाही, असे झाले. गेले वर्षभर मी गावात, मुंबईत आणि पुण्याच्या कोंढव्यात जिथे जिथे नमाज पढलो तिथे शेवटच्या सफेकडे लक्ष देत राहिलो. पेशइमामांशी, बांग देणाऱ्या बांगींशी, मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्लींशी, बापांशी आणि ज्यांना मशिदीत यायलाच मिळत नाही त्या आयांशीही बोललो.

ज्यांनी जमातीची नमाज जवळून पाहिलेली नाही, त्यांना ही अडचण नेमकी कळावी म्हणून थोडे सांगतो. नमाज सुरू झाली की माणसाला बोलता येत नाही, मान वळवता येत नाही, जागा सोडता येत नाही. बोलला तर नमाज तुटते. चार रकातींची जमात सात-आठ मिनिटांत आटोपते. तेवढा वेळ मशिदीतला एकही मोठा माणूस मुलांना ‘गप्प बस’ म्हणू शकत नाही. मुलांना हे पाचव्या-सहाव्या वर्षीच उमगते. शाळेत बाईंची पाठ फळ्याकडे असते ती क्षणभर. इथे शंभर-दीडशे मोठ्यांच्या पाठी एकदम वळलेल्या असतात आणि कुणीच वळून पाहणार नसतो. आठ वर्षांच्या पोराला हसू येण्यासाठी याहून वेगळे कारण लागत नाही. त्यात फरशी, टाइल्स आणि घुमट. दबलेले हसूही घुमून दुप्पट होते. हनफी मशिदींत आमीन मनात म्हणतात म्हणून तिथे आमीनची चुरस नसते, पण शेजाऱ्याच्या पायाला गुदगुल्या करणे सगळ्या पंथांत चालते.

जुम्म्याची अडचण तर आणखी वेगळी. खुतबा, म्हणजे प्रवचन, चालू असताना बोलायला मनाई आहे. ती इतकी कडक, की शेजाऱ्याला ‘गप्प राहा’ असे म्हणणेसुद्धा निरर्थक बडबडीत मोजले जाते, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत, आले आहे. तरीही दर जुम्म्याला खुतब्याच्या मध्यात कुणी तरी मुलांवर खेकसतो आणि पुष्कळदा त्या खेकसण्याचाच आवाज मुलांपेक्षा मोठा असतो.

तक्रार करणाऱ्यांची बाजू मी मनापासून ऐकली, कारण ती खरी आहे. कोंढव्यात रात्रपाळी करून परतणारा एक जण म्हणाला, “चोवीस तासांत ही दहा मिनिटंच माझी असतात. सजद्यात मी रडतो हे बायकोलाही माहीत नाही. आणि नेमकं त्याच वेळी कुणाचं तरी पोर माझ्या डोक्यापुढून धावत जातं.” या माणसाला ‘मुलेच ती, असे करणारच’ असे सांगून वाटेला लावणे अन्यायाचे आहे. नमाजी माणसाच्या समोरून जाऊ नये हा मोठ्यांसाठीही कडक नियम आहे. ज्याला ऐकू कमी येते अशा म्हाताऱ्याला पेशइमामांची तकबीर मुलांच्या गलक्यात सापडत नाही, तो रुकूत असतो आणि बाकीचे सजद्यात. आपल्या पोराच्या मजेची किंमत त्या म्हाताऱ्याने का मोजावी?

तक्रार खरी आहे. तिच्यावरचे उपाय मात्र बहुतेक ठिकाणी चुकीचे आहेत. अनेक मशिदींच्या भिंतीवर फलक असतो, लहान मुलांना आणू नये. त्याला आधार म्हणून एक हदीस सांगितली जाते, मशिदींपासून मुलांना आणि वेड्यांना दूर ठेवण्याची. ती इब्न माजाच्या संग्रहात आहे हे खरे, पण हदीसशास्त्राच्या जाणकारांनी ती ‘जईफ’, म्हणजे कच्च्या आधाराची ठरवली आहे. फलक लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते?

आणि जे पक्क्या आधाराचे आहे ते फलकावर कधी येत नाही. पैगंबर मुहम्मद (स.) मदिनेच्या मशिदीत नमाज पढवत असताना त्यांच्या खांद्यावर त्यांची नात होती. उमामा, थोरली लेक जैनब यांची मुलगी. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. हे अबू कतादा यांनी सांगितले आहे आणि ते बुखारी व मुस्लिम दोघांतही आहे. नातवंड कडेवर घेऊन जमात पढवणारा इमाम आजच्या आपल्या मशिदीत उभा राहिला तर नमाजनंतर काय होईल, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

दुसरा प्रसंग नसाईच्या संग्रहातला. एका नमाजेत पैगंबरांचा सजदा इतका लांबला की मागच्यांना शंका आली, काही विपरीत तर घडले नाही ना. नमाज संपल्यावर कळले की नातू पाठीवर चढून बसला होता आणि त्याचे मन भरेपर्यंत त्याला उतरवणे आजोबांना बरे वाटले नव्हते. सगळी जमात एका पोराच्या खेळासाठी कपाळ जमिनीला टेकवून थांबली होती! खुतबा देत असताना नातू हसन आणि हुसैन लाल सदऱ्यांत अडखळत येताना दिसले, तेव्हा पैगंबर मिंबरावरून खाली उतरले, दोघांना उचलून घेतले आणि मग पुढे बोलू लागले, हेही नोंदलेले आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र इब्न अब्बास यांचा किस्सा. ते तेव्हा लहान होते. पैगंबरांच्या पत्नी मैमूना या त्यांच्या मावशी, त्यांच्या घरी एका रात्री ते राहिले. पैगंबर रात्रीच्या नमाजेला उभे राहिले तसा हा मुलगा उठला, वजू केली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. जागा चुकली होती. एकटा मुक्तदी, म्हणजे इमामामागे नमाज पढणारा, उजवीकडे उभा राहतो. पैगंबरांनी नमाज तोडली नाही, शब्द काढला नाही; हात मागे नेला, त्याचा कान धरून त्याला अलगद उजवीकडे आणले आणि नमाज चालू ठेवली. म्हणजे नमाजेत उभे राहूनही मुलाला सुधारता येते. त्यासाठी एकच अट आहे. मूल हाताच्या अंतरावर असले पाहिजे.

आपली रचना नेमकी उलटी आहे. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, पुस्तकांत सफांचा क्रम पुरुष, मग मुले, मग स्त्रिया असा सांगितला आहे, त्याचा अर्थ आपण इतकाच घेतला की मुलांना गोळा करून मागे हाकायचे. पंधरा पोरांना एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे केले, त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि म्हणालो, शिस्त पाळा. मुले एकत्र राहून दंगा करणार असतील तर त्यांना मोठ्यांच्या सफांत विखरून, ज्याच्या त्याच्या माणसाशेजारी उभे करावे, असा फतवा हनफी मुफ्तीही देतात. पण सवय फतव्यापेक्षा चिवट असते. बापाशेजारी पहिल्या सफेत उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला दंडाला धरून मागे नेताना मी याच वर्षी तीन ठिकाणी पाहिले. तिन्ही वेळा बाप जागेवरून हलला नाही.

पहिल्या सफेचे पुण्य मोठे, म्हणून तो हलत नाही. हे मला समजते. त्या जागेसाठी माणूस अर्धा तास आधी येतो, आणि तसे यावे अशीच शिकवण आहे. पण ज्या दिवशी मुलाचे बोट धरून आपण मशिदीची पायरी चढतो, त्या दिवशी आपली इबादत दोन भागांची असते. एक आपली नमाज आणि दुसरी त्याची. मूल जिथे उभे राहू शकते तीच त्या दिवशी आपली सफ. मग ती शेवटची का असेना, दाराजवळची का असेना, चपलांचा वास येणारी का असेना.

सातव्या वर्षी मुलांना नमाज पढायला सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास शिक्षा करा, ही अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस थप्पड मारणारे फार लवकर पुढे करतात. ती नीट वाचावी. सात ते दहा म्हणजे तीन वर्षे. दिवसाला पाच नमाजा धरल्या तर शिक्षेचा विचार मनात येण्याआधी पाच हजारांहून अधिक वेळा सांगायचे आहे. आणि सांगायचे कुणी? ज्यांची मुले आहेत त्यांनी. दुसऱ्या सफेतल्या तिऱ्हाइताला त्या हदीसने कसलाही परवाना दिलेला नाही. दहाव्या वर्षानंतरच्या शिक्षेलाही फकीहांनी अटी घालून तिची धार काढली आहे, आणि तोंडावर मारणे तर कुणालाही निषिद्धच आहे. आमच्या मशिदीत थप्पड बसली तो मुलगा आठ वर्षांचा होता आणि ती तोंडावरच बसली.

मीही अशी एक खाल्ली आहे. नऊ वर्षांचा असेन. हसलो होतो, हे खरे. मारणारे गृहस्थ गावात मान असलेले होते, त्यांच्याविषयी मनात आज काही नाही. पण त्यानंतर कित्येक महिने मी घरून टोपी घालून निघत असे आणि मशिदीत न जाता तरीच्या धक्क्यावर बसून राहत असे. लोक बाहेर पडताना दिसले की त्यांच्यात मिसळून घरी येई. नमाज पढून आलास का, असे आई विचारी आणि मी हो म्हणे. खोटे बोलायला मी मशिदीमुळे शिकलो, असे लिहिताना आजही हात जड होतो.

कोकणात या प्रश्नाला एक वेगळा पदर आहे. इथल्या मुसलमान घरांतले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर आहेत. आधी जहाजावर होते, मग कुवेत, दुबई, दोहा, सौदी. ‘मुलाला बापाशेजारी उभे करा’ असे मी लिहिले, पण बाप आहे कुठे? वर्ष-दोन वर्षांनी महिनाभर सुटीवर येणारा बाप त्या महिन्यात मुलाला मशिदीत घेऊन जातो, आणि मुलाची हुशारी-शिस्त सगळ्या गावाने पाहावी म्हणून त्याच्यावर सर्वांत जास्त ओरडतो. उरलेला सगळा काळ मूल आजोबांबरोबर जाते किंवा एकटेच. आजोबांना गुडघ्यांमुळे खुर्ची लागते. खुर्च्या सफेच्या टोकाला आणि मूल मागे.

ज्या घरात मुलाला रोज सांभाळणारी व्यक्ती आहे, ती मशिदीत येत नाही. आई. कोंढव्यातल्या एका आईने मला विचारले, “बालवाडीत मी, दवाखान्यात मी, लग्नात मांडीवर घेऊन मी. मशिदीत तेवढे त्याचे वडील. त्यांना तो कशाने रडतो आणि कशाने गप्प होतो हे माहीत तरी आहे का?” पैगंबरांच्या मशिदीत आया लेकरांना घेऊन येत. मूल रडल्याचा आवाज कानावर पडला की त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून आपण नमाज आखडती घेतो, असे पैगंबरांनी स्वतः सांगितल्याचे बुखारीत आहे. त्या काळी मशिदीत मूल रडले तर आईला बाहेर जावे लागत नव्हते, इमाम नमाज लहान करत होते. आज आपल्या बहुतेक मशिदींत स्त्रियांना जागाच नाही. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२०च्या जानेवारीत प्रतिज्ञापत्र दिले, की मशिदीत येऊन नमाज पढायला स्त्रियांना धर्माची मनाई नाही. मनाई नसूनही जागा नसते, तेव्हा मुलांचा निम्मा सांभाळ आपण आपल्या हाताने दाराबाहेर ठेवलेला असतो.

मुले मशिदीत नसली की काय होते, हेही आपण पाहिले आहे. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे मशिदींची दारे बंद झाली. महाराष्ट्रात धर्मस्थळे उघडली ती त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. तेव्हाही दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच राहावे असे सांगितलेले होते. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, आणि पुन्हा उघडली ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्या दिवशी. आमच्या मशिदीचे बांगी म्हणाले, “तेव्हा नमाजेत इतकी शांतता असायची की पंख्याचा आवाज ऐकू यायचा. मला ती शांतता सहन होत नसे.” त्या दोन वर्षांत जी मुले सातची नऊ झाली, त्यांतली काही पुन्हा नियमित आलीच नाहीत, असे त्यांचे निरीक्षण. याच बांगींनी आणखी एक गोष्ट सांगितली. नमाजेत मुलांपेक्षा मोबाइल जास्त वेळा वाजतात, त्यावरून मात्र कुणी कुणाच्या कानाखाली मारत नाही.

बाहेरच्या जगातही या बाबतीत एकमत नाही. सौदी सरकारच्या धर्मखात्याने २०२३च्या रमजानआधी काढलेल्या सूचनांत मुलांना मशिदीत आणू नये असे म्हटले होते. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या फातिह भागात सलग चाळीस दिवस फजरला येणाऱ्या मुलांना सायकल देण्याचा उपक्रम झाला आणि त्याचे अनुकरण आपल्या देशातही काही ठिकाणी झाले. सायकलीच्या आमिषाबद्दल माझे मन साशंक आहे. पण पहाटेच्या काळोखात मुलांना दारात पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, याची ओढ कोणत्याही सायकलीहून मोठी असणार.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ शेख मेमन स्ट्रीटवर जुमा मशीद आहे. जुन्या तलावावर बांधलेली, १८०२मध्ये पूर्ण झालेली. तिचा कारभार आमच्याच कोकणी जमातीच्या ट्रस्टकडे. तळमजल्यावर तो तलाव अजून आहे, पायऱ्या उतरून पाण्याशी वजूला बसता येते. पाण्यात मासे आहेत, कासवे आहेत. एका दुपारी मी तिथे एक बाप पाहिला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तो अजानच्या कितीतरी आधी आला होता. दोघे पायरीवर बसले. मुलाने मासे मोजले, चुकले, पुन्हा मोजले. बापाने त्याला वजू करून दाखवली, बाह्या सरळ केल्या, लघवीला लागली आहे का विचारले. मग हळूच सांगितले, “आता वर गेल्यावर मी तुझ्याशी बोलणार नाही. रागावलो म्हणून नाही. मी तेव्हा अल्लाहशी बोलत असतो. तुला कंटाळा आला तर माझ्या सदऱ्याचं टोक धर.” वर जाऊन ते मागच्या सफेच्या टोकाला, खांबाशेजारी उभे राहिले. दुसऱ्या रकातीत मुलाने टोक धरले. चौथ्या रकातीत तो बसून राहिला. कुणाच्या नमाजेत काही बिघडले नाही.

मशीद उभारायला पैसा लागतो, ट्रस्ट लागतो. या बापाला लागला तो घरातून वीस मिनिटे लवकर निघण्याचा वेळ आणि पहिल्या सफेचा मोह सोडण्याची तयारी. दोन वर्षांच्या, लंगोटात घाण करणाऱ्या, अंधाराला आणि गर्दीला घाबरून रडणाऱ्या बाळाला दीड तासाच्या तरावीहला आणू नये, हेही त्याच समजुतीत येते. मुलाची भूक, झोप, लघवी, अंगाची स्वच्छता यांची जबाबदारी आणणाऱ्याची, दुसऱ्या कुणाचीही नाही. मूल रडायचे थांबेना तर नमाज तोडून त्याला बाहेर न्यावे, नमाज नंतर पुन्हा पढता येते. आणि मुतवल्लींनी तो फलक उतरवून त्या जागी एवढेच लिहावे, की मुलाला आपल्या शेजारी उभे करा. कीर्तनात मुलांना बुवांच्या समोर बसवतात, सप्ताहात हातात टाळ देऊन उभी करतात, हे आपण लहानपणापासून आपल्याच गावात पाहत आलो आहोत. मुलांना जवळ घेण्याची रीत आपल्याला परकी नाही.

थप्पड बसलेला तो मुलगा उरलेल्या रमजानमध्ये मशिदीत आला नाही. ईदच्या सकाळी मी त्याच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेलो तेव्हा त्याच्या बापाशी बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, “चाचा, मला वाटलं, लोक म्हणतील की पोराची बाजू घेतो.” पुढच्या आठवड्यात त्याची कुवेतची सुटी संपत होती. जाण्याआधीच्या जुम्म्याला तो मुलाला घेऊन आला आणि तिसऱ्या सफेत, खिडकीजवळ, त्याला उजव्या हाताला घेऊन उभा राहिला. तो कुवेतला परतल्यापासून त्या जागी मुलाशेजारी मी उभा राहतो.

तुमच्या मशिदीत ज्याचा बाप परदेशी आहे असे एखादे मूल मागच्या सफेत एकटे उभे असेल. येत्या जुम्म्याला त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.